साडेसहा कशाचे

“हाताला जागोजागी भोकं, वजन निम्मं, आन म्हणं पहिल्यापेक्षा ताठ. व्हय की. माझी सासू पण मेल्यावरच गोड झाली.”

रंगराव मेस्त्री हे मला सांगत नव्हते, हातातल्या कानशीला सांगत होते. त्यांचा बाक आणि माझं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत होती, त्यामुळे कानशीला सांगितलेलं सगळं पहिल्यांदा मलाच कळायचं. बावीस वर्षांत त्यांच्या सासूबद्दल मला जेवढं कळलं, तेवढं त्यांच्या बायकोलाही माहीत नसेल.

“मेस्त्री, ऐकू येतंय.”

“ऐकू यावं म्हणूनच बोलालोय. समोर बोलायला मला कुठं एम.टेक. हाय?”

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची, कोल्हापूरजवळच्या आमच्या कारखान्यातली. आता तिथल्या प्रत्येक रिपोर्टात आकड्याशेजारी एक लाल चौकट असते. ती रिकामी राहिली तर कागद टेबलावरून परत येतो. नवी मुलं कुरकुरतात. ती चौकट कुणी आणली आणि का, हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण ज्यांना माहीत आहे ते सगळे त्या दिवशी तोंड मिटून उभे होते.

कारखान्यात तेव्हा एकच वस्तू बनायची: पाळणा. बाळाचा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कापडी झोळीत घालून उचलायचा आणि खुर्चीत ठेवायचा. मालक भूपाल मगदूम, म्हणजे आमचे अण्णा. त्यांच्या आईची, आव्वांची, एक बाजू अर्धांगवायूनं गेली आणि त्यांना उचलता उचलता अण्णांची कंबर गेली. मग रंगरावांनी भंगारातल्या पायपांतून पहिला पाळणा केला. शेजाऱ्यांनी बघितला, एका डॉक्टरांनी बघितला, आणि आव्वांच्या आजारपणावर आम्हा तीस जणांची चूल पेटली.

तेव्हापासून रीत पडली. नवं मॉडेल निघालं की नारळ फुटायचा आणि झोळीत पहिल्यांदा आव्वा बसायच्या. भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकिटं टांगलेली होती, पण माल पास करायच्या त्या आव्वा. पंचाण्णव किलो वजन, अर्धं अंग लुळं, तोंड मात्र दोन्ही बाजूंनी चालायचं. झोळीत बसल्यावर त्यांचा प्रश्न एकच: “किती लवंल?” रंगराव अंगठा आणि बोट यांच्यात फट ठेवून दाखवायचे. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी, फार तर दोन दाण्यांची. ती फट बघून आव्वा म्हणायच्या, “उचला.”

प्रश्न उगाच नव्हता. पाळण्याला एक लांब हात असतो आणि त्याच्या टोकाला झोळी लटकते. हात वर गेला की मागं एक खटका दातात बसतो आणि हात तिथंच धरून ठेवतो. पण टोक पाच मिलिमीटरच्या वर लवलं की खटका दातातून निसटतो. पहिल्या वर्षी एकदा निसटला होता. झोळीत वाळूचं पोतं होतं म्हणून नुसती फरशी फुटली. ती फरशी रंगरावांनी बदलू दिली नाही.

आता सर. अण्णांचा मुलगा सम्मेद बाहेरच्या राज्यातून एम.टेक. होऊन आला, तेव्हा अण्णांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आजपासून त्याला सर म्हणायचं. ज्याच्या शाळेच्या बुटांचे बंद मी माझ्या टेबलाखाली वाकून बांधले होते, तो एका सोमवारी सर झाला. माझी हरकत नव्हती. पोरगा गुणी. आल्या आल्या त्यानं पहिली खरेदी केली ती माझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची. त्याआधीची एकवीस वर्षं मी स्टुलावर काढली, हे दुसऱ्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

दुसरी खरेदी ते सॉफ्टवेअर. त्याला लोखंडाचा एक ठोकळा सांगायचा, तो कुठं धरलाय आणि ओझं कुठं लटकतंय ते सांगायचं, आणि बाजूला व्हायचं. ते बिनकामाचं लोखंड कुरतडत जातं. उरतं ते झाडाच्या मुळासारखं, हाडासारखं काहीतरी दिसतं. कुरतडताना त्याचा डोळा एकाच आकड्यावर असतो, त्याला म्हणतात कॉम्प्लायन्स. ओझं तेच असेल तर आकडा जितका लहान तितका हात ताठ.

हे मला कुठल्या कॉलेजात कळलं नाही. मी बारावी पास. ट्रेसर म्हणून लागले, शाईनं रेघा ओढायला. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे ट्रेसर गेले आणि मी उरले, कारण साडेसातशे पानांचं मॅन्युअल वाचायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचे. कॉम्प्लायन्सला डिक्शनरी म्हणाली, आज्ञापालन. ते मी लग्नात ऐकलं होतं, लोखंडाच्या बाबतीत नव्हे. मग मी स्टीलची एक पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरली, टोकाला किलोचं वजन बांधलं आणि किती लवते ते मोजलं. तीच पट्टी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. वजनाचा जोर दहा न्यूटन, टोक खाली आलं दोन मिलिमीटर, सॉफ्टवेअरचं उत्तर वीस. दहा दुणे वीस. म्हणजे एवढंच: किती जोरानं ओढलं गुणिले किती सरकलं. माझा नवरा म्हणाला, “हे कळायला तीन महिने?” मी म्हटलं, “तुम्ही कळायला अकरा वर्षं लागली.”

मॅन्युअलच्या एका तळटिपेत आणखी एक गोष्ट होती, बारीक अक्षरात, लाज वाटत असल्यासारखी. प्रोग्रॅमला मापं कळत नाहीत. मिलिमीटर द्याल तर उत्तर मिलिमीटरातलं, मीटर द्याल तर मीटरातलं. कोणतं दिलंत ते तुमचं तुम्ही लक्षात ठेवा. ती टीप मी एकदा विसरले होते, तेव्हा एका ब्रॅकेटचं वजन बारा हजार टन आलं. अण्णा कागद बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “जरा जड वाटतंय.”

पण आमच्याकडे माप लिहायची पद्धतच नव्हती. कारखान्यात सगळं मिलिमीटर. सहा मीटरचा पाइप म्हणजे ‘सहा हजार’. गेट ‘चार हजार आठशे’. रंगराव नातवाची उंचीसुद्धा “अकराशे झाला” अशी सांगायचे. आकड्यापुढं मिलिमीटर लिहिणं म्हणजे घरातल्या माणसाला आडनावानं हाक मारण्यासारखं. मीटर असायचा तो रिक्षाला आणि ब्लाउजपीसला.

तर, जुन्या हाताचं गणित माझं, नव्याचं सरांचं. ओझं दोन्हीकडे तेच, शंभर किलोचा माणूस, म्हणजे हजार न्यूटन. दोन्हींचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. जुना हात: तीन हजार. नवा हात: साडेसहा. सरांनी कॅल्क्युलेटर दाबला, परत दाबला आणि खुर्चीतून उठले.

“चारशे एकसष्ट पट! अण्णा, निम्म्या वजनात चारशे एकसष्ट पट ताठ!”

अण्णांनी पेढे मागवले.

अर्धं लोखंड काढून टाकायचं आणि वस्तू चारशे एकसष्ट पट ताठ व्हायची. तसं असतं तर सगळंच लोखंड काढून टाकलं की पाळणा अमर झाला असता. कुणाला काही वाटलं नाही का? वाटलं. अण्णांनी तीनदा मान डोलावली, आणि कळलेल्या गोष्टीला ते एकदाच डोलावतात. रंगराव कानशीशी बोलायला लागले. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

नवा हात ओतून आला तो थेट आदल्या दिवशी, म्हणजे रंगराव भोकांच्या कडा कानशीनं घासत सासूची आठवण काढत होते त्या दुपारी. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका धर्मादाय दवाखान्याच्या मेट्रन बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर चाळीस पाळणे. सरांनी मला नव्या हाताची चित्रं काढून ठेवायला सांगितलं, म्हणून मी पहिल्यांदाच त्यांची फाइल उघडली. टोक किती सरकतं त्या ओळीत आकडा होता ०.००६५.

आमच्या कारखान्यात शून्यानं सुरू होणारं माप म्हणजे केसाची जाडी. इतकं कमी कुठलंच ओतीव लोखंड लवत नाही. मी हाताची लांबी बघितली. तिथं लिहिलं होतं १.२. आमचा हात बाराशेचा.

मी उठून सरांकडे गेले. ते पडद्यावर हात गोल फिरवत होते, उद्यासाठी.

“सर, ते साडेसहा कशाचे?”

“कॉम्प्लायन्सचे.”

“ते झालंच. पण कशात? माझे तीन हजार आहेत ते न्यूटन-मिलिमीटर.”

“ताई, कॉम्प्लायन्सला युनिट बघायचं नसतं. तो नुसता तुलनेचा आकडा. कमी तो चांगला.”

“तुलना करायची तर दोघं एका मापात हवेत ना?”

त्यानं मान वर केली आणि हसला. अगदी लहानपणीसारखा. “कॉलेजात आम्ही कधी लिहिलंसुद्धा नाही. तुमची ती पट्टी आणि किलोचं वजन मस्तच आहे हं, पण थिअरी थोडी वेगळी असते.”

प्रेमानं म्हणाला. रागानं म्हटलं असतं तर तिथंच उत्तर दिलं असतं. प्रेमानं बोललेलं मात्र घेऊन घरी जावं लागतं. साडेपाचची बस होती. बसमध्ये तिकिटाच्या मागं मी हिशेब मांडला. हजार गुणिले ०.००६५, साडेसहा. बरोबर. पण ते मीटरातले. मिलिमीटरात टोक साडेसहा खाली येणार, म्हणजे हजार गुणिले साडेसहा, साडेसहा हजार. जुन्याचे तीन हजार. नवा हात चारशे एकसष्ट पट ताठ नव्हता, दुपटीहून मऊ होता. पंचाण्णव किलोला सहाच्या वर लवणार. खटका पाचला सुटणार. आणि झोळीत उद्या वाळूचं पोतं नव्हतं.

घरी पोचल्या पोचल्या मी अण्णांना फोन केला.

“कुमुद, बरं झालं केलास. खुर्च्या सांगितल्यास ना? मेट्रनबाईंना प्लॅस्टिकची नको.”

“सांगितल्या.”

“सम्मेदचं बघितलंस ना? चारशे एकसष्ट! मला तर त्यातलं...” अण्णा थांबले. घसा साफ केला. “मला तर त्यातलं फार कौतुक वाटलं.”

“हो अण्णा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. बारावी पास बाईनं मालकाला सांगायचं तरी काय? की तुमच्या मुलाचा आकडा फसवा आहे? आणि तक्ता कुणी केला? मी. त्यात मापाचा रकाना कुणी ठेवला नाही? तेही मीच. बावीस वर्षांची सवय.

सकाळी नऊलाच मी रंगरावांच्या बाकापाशी गेले. “मेस्त्री, आधी पोती लावून बघा.”

“मी काय म्हणालो न्हाई व्हय? सर म्हणाले, पोत्यांचा जमाना गेला. आता टेस्ट कॉम्प्युटरात होती.”

“परत सांगा. तुम्ही फोरमन.”

“तुम्ही सांगा. तुम्ही डिझाइनवाल्या.”

“तुमचं ऐकतील.”

“माझं? मी सातवी. तुम्ही निदान बारावी.”

दुसऱ्याला पुढं करण्यात आम्ही दोघंही फार शूर होतो. तेवढ्यात मेट्रनबाईंची गाडी गेटातून आत आली, चार हजार आठशेच्या.

मेट्रनबाई उंच, शांत, पांढऱ्या साडीतल्या. सरांनी पडदा लावला. हात गोल फिरला, लाल-निळा झाला, मग मोठ्या अक्षरात ४६१ आलं आणि थरथरून थांबलं. मेट्रनबाईंनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

“हा आकडा कमी असलेला चांगला ना?” त्यांनी विचारलं.

“हो मॅडम. म्हणजे तो मूळचा. हा पट जास्त असलेला चांगला.”

“हां हां,” मेट्रनबाई म्हणाल्या. आमच्यात सामील व्हायला त्यांना दहा मिनिटं लागली.

नारळ फुटला. हाताला हळदीकुंकू लावलं. भोकांमुळं बोट सारखं आरपार जात होतं. दोन बायांनी आव्वांची चाकाची खुर्ची पाळण्याखाली आणली आणि झोळी अंगाखालून घेऊन कड्यांना अडकवली. आव्वा जरीकाठाचं नेसल्या होत्या. नातवाचं पहिलं मॉडेल. रंगरावांनी हँडलवर हात ठेवला, एक फेरा दिला, झोळी ताणली, आणि ते थांबले. आव्वा अजून खुर्चीतच टेकलेल्या होत्या. त्यांच्याखाली ती फुटकी फरशी होती.

आव्वांनी मान वर केली. “हे काय रं बाळा? वाळवी लागल्यागत दिसतंय.”

“आव्वा, बिनकामाचं लोखंड काढून टाकलंय,” सम्मेद म्हणाला.

“बिनकामाचं कोण ठरवलं?”

“कॉम्प्युटरनं.”

“असं? मग मला न्हाई काढून टाकलं ते?” सगळे हसले. गरजेपेक्षा जास्तच. आव्वा हसल्या नाहीत, त्या रंगरावांकडे वळल्या. “मेस्त्री, किती लवंल?”

रंगरावांनी बोटं वर केली नाहीत. ते मुंडाशाच्या टोकाला हात पुसत राहिले. “आव्वा, ह्यो हात सरांनी केलाय. त्यास्नी ठावं.”

मी खाली बघितलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, ते तेव्हा कळलं.

“बाळा, किती लवंल?”

“आव्वा, पहिल्यापेक्षा चारशे एकसष्ट पट...”

“ते बाईस्नी सांग. मला बोटानं दाव.”

सम्मेदनं उजवा हात वर केला. अंगठा आणि बोट जवळ आणलं. मग थोडं लांब नेलं. परत जवळ आणलं. मागं पडद्यावर चारशे एकसष्ट तसंच उभं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. बूट उलटे घातले की असाच बघायचा.

“सम्मेद,” मी म्हटलं. सर म्हणायचं राहूनच गेलं. “तक्ता माझा आहे. त्यात मापाचा रकाना मी घातला नाही. चूक माझी. चल, आत जाऊन एकदा बघून येऊ.”

“हां, हां,” अण्णा एकदम पुढं आले, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखे. “बघून या. टायपिंगमध्ये होतं असं. मेट्रनबाई, तोवर चहा घेऊ या की आपण. खोबरंबिबरं...”

“चालेल,” मेट्रनबाई घाईनं म्हणाल्या आणि वही मिटली. रंगरावांनी एवढ्या जोरात श्वास सोडला की प्लायवूडची भिंत हलली असती. वाट सापडली होती. चहा होईल, आम्ही आत जाऊ, कुठलासा आकडा बदलेल, पोती येतील, कुणाला काही बोलावं लागणार नाही. सगळे वळलेसुद्धा.

सम्मेद वळला नाही. झोळीतून आव्वांनी चांगला हात बाहेर काढून त्याची बाही धरली होती. गच्च नव्हे. दर वेळी उचलायच्या आधी त्या कुणाचं तरी काही धरायच्या, तशीच.

“मेस्त्री, झोळी सोडा,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “चूक तुमची नाही, ताई. तुम्ही काल विचारलं होतंत.”

अण्णा म्हणाले, “सम्मेद, पाहुण्यांच्या समोर...”

तो खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्या फुटक्या फरशीवर, नव्या पँटनं.

“आव्वा,” तो म्हणाला, “ते साडेसहा कशाचे आहेत, मला माहीत नाही. मी कधी बघितलंच नाही.”